गाडीवरचे पांढरे डाग: आधी ते रंगावर आहेत की रंगात, हे पाहा

तुमची अडचण मला समजली ती अशी: गडद निळी सेडान, तीन वर्षं जुनी. वाकडच्या सोसायटीत उघड्यावर उभी असते, शेजारी बाग आणि बागेचे स्प्रिंकलर. बॉनेट, टप आणि डिकीवर पांढरे गोल डाग पडले आहेत आणि ते शाम्पूने जात नाहीत. शोरूममध्ये 28,000 रुपयांचं सिरॅमिक कोटिंग सुचवलं, एका मित्राने टूथपेस्ट सांगितली, दुसऱ्याने व्हिनेगर. डाग कसे काढायचे आणि नंतर वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक की पीपीएफ (रंगावर चिकटवायची संरक्षक फिल्म), हे तुम्हाला ठरवायचं आहे.

मी पुण्यात अनेक वर्षं डिटेलिंगचं, म्हणजे गाडीचा रंग साफ करून, पॉलिश करून जपायचं काम करतो. बोअरच्या पाण्याचे डाग ही आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे, त्यातही काळ्या, निळ्या आणि गडद राखाडी गाड्यांवर. पांढऱ्या गाडीवरही डाग तेवढेच पडतात, फक्त दिसत नाहीत. तुमच्या प्रश्नातला उत्पादन निवडण्याचा भाग शेवटचा आहे. त्याआधी डाग किती खोल गेलाय आणि तो रोज नव्याने का पडतोय, या दोन गोष्टी कळायला हव्यात. त्या न पाहता कोटिंग केलं तर डाग कोटिंगच्या खाली बंद होतात आणि पुढे ते काढायचे म्हणजे पैसे मोजून केलेलं कोटिंगही घासून काढावं लागतं.

स्प्रिंकलरला बहुतेक बोअरचं पाणी असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी पहिली मर्यादा सहज ओलांडतं. थेंब बॉनेटवर पडला की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. डाग जवळून पाहा. तो पूर्ण पांढरा ठिपका नसतो. कडेला जाड पांढरी रेघ असते आणि मधला भाग जवळजवळ स्वच्छ असतो, कारण थेंब वाळताना त्यातला ऐवज कडेकडे सरकत जातो. पहाटे स्प्रिंकलर, नऊला ऊन, दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा थेंब. असे थरावर थर चढतात.

सुरुवातीला हा थर फक्त रंगाच्या वर बसलेला असतो. बोटं फिरवली तर खरखर लागते. तो तसाच उन्हात तापत राहिला की खालच्या क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) परिणाम होतो आणि थर काढला तरी त्याच आकाराचा पुसट ठसा उरतो. नखाला काही लागत नाही, पण प्रकाश तिरपा पडला की गोल दिसतात. याहून पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष खळगा. नख त्यात अडकतं. पहिली पायरी रसायनाने निघते, दुसरी पॉलिशने, आणि तिसरी बऱ्याचदा पूर्ण निघतच नाही, फक्त कमी दिसेल इतपत करता येते. तुमची गाडी तीन वर्षं त्याच जागी उभी असेल तर तिच्यावर पहिल्या दोन्ही पायऱ्यांचे डाग एकत्र असणार. टपावर जास्त खोल, दारांवर जवळपास नाहीत, असं साधारण दिसतं.

आता कृती. गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागेल तेव्हाच सुरू करा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा. आधी नीट धुऊन घ्या, कारण धूळ अंगावर असताना जे काही घासाल त्याने ओरखडेच पडतील. मग किराणा दुकानात मिळणारं साधं पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान घ्या. बॅटरीत घालायचं पाणी चालतं. मायक्रोफायबरचं कापड त्यात भिजवून बॉनेटच्या एका कोपऱ्यावर, वीतभर जागेवर, मिनिटभर पसरून ठेवा. घासू नका. कापड उचला, हलकं पुसा, भरपूर पाणी मारा. थोडं उरलं तर पुन्हा एकदा. व्हिनेगर रंगावर वाळू द्यायचं नाही, एवढं एक पथ्य कडक पाळा. शेवटी शाम्पूने धुवा आणि लगेच कोरडं करा.

व्हिनेगर कोणतंही खास नको. त्यातलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं, एवढंच काम आहे. त्यामुळेच ते खाली शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका, तोही चुनखडीचाच दगड आहे आणि त्यावर कायमचा डाग पडेल. क्रोमच्या पट्ट्या आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमवरही लावू नका. क्षारात सिलिका असेल तर व्हिनेगर तिला हात लावत नाही. तेव्हा डिटेलिंगच्या दुकानात मिळणारं वॉटर स्पॉट रिमूव्हर वापरावं लागतं, तेही असंच एका कोपऱ्यावर तपासून. टॉयलेट क्लीनर कोणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, ते क्रोम आणि रबर दोन्ही खराब करतं.

टूथपेस्टबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचं आहे, कारण तिचे परिणाम मी सारखे पाहतो. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, हे खरं. म्हणून डाग कमी झाल्यासारखा दिसतो. पण ते कण दातांसाठी निवडलेले असतात, रंगासाठी नाही. ते कारच्या पॉलिशसारखे घासता घासता बारीक होत जात नाहीत. गडद रंगावर बोटाने टूथपेस्ट घासली की त्या जागी एक धुरकट चकती तयार होते आणि मूळ डागापेक्षा ती काढायला जास्त क्लिअर कोट खर्च होतो.

तुमचे सगळे डाग पाण्याचेच असतील असंही नाही. बागेत आंब्याचं झाड आहे का, हे पाहा. मोहोराच्या दिवसांत, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्यावर तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून बाहेर पडणारा गोड चिकट द्रव खाली गाडीवर बारीक शिंतोड्यांसारखा पडतो. लोक त्याला झाडाचा चीक समजतात. साखरेचाच प्रकार असल्यामुळे तो कोमट पाण्याने आणि शाम्पूने निघतो, मात्र त्याच आठवड्यात धुवायला हवा. धूळ बसून काळा पडला की त्रास देतो. खरा डिंक किंवा चीक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. डांबराचे काळे ठिपके टार रिमूव्हरने निघतात. तो नसेल तर कापडावर थोडं रॉकेल घेऊन पुसा आणि तेलकटपणा लगेच शाम्पूने धुवा.

वड, पिंपळ, उंबराखाली पाखरांची आणि वटवाघळांची विष्ठा हा वेगळाच विषय. पाखरांच्या विष्ठेत यूरिक अ‍ॅसिड असतं, आणि नुसतं अ‍ॅसिडच नव्हे, तर उष्णताही कारण असते. दुपारी क्लिअर कोट तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि वर वाळलेल्या विष्ठेचा ठसा घेतो. मे महिन्यात एका दिवसातही ठसा पडलेला मी पाहिलाय. वाळलेली विष्ठा कापडाने ओढून काढू नका, तिच्यात बिया आणि वाळू असते. ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. डिकीत पाण्याची एक बाटली आणि दोन मायक्रोफायबर कायम ठेवा. या एका सवयीने बॉनेटचं जेवढं रक्षण होतं तेवढं कुठल्याही बाटलीतल्या द्रवाने होत नाही.

तुम्ही बेसमेंट पार्किंग मिळवण्याच्या विचारात आहात असं लिहिलंय. जरूर मिळवा, पण आधी वरचा स्लॅब पाहा. पावसाळ्यात काँक्रीटच्या भेगांतून झिरपणारं पाणी चुना घेऊन खाली येतं. ते बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी वाईट. छताला पांढरे लोंब किंवा खाली फरशीवर पांढऱ्या धारा दिसल्या तर ती जागा नको. शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटचे शिंतोडेही असेच चिकटतात. ते नखाने खरवडू नका, वर सांगितलेल्या व्हिनेगरने मऊ करून उचला.

एवढं करून झालं की ओल्या, शाम्पू लावलेल्या बॉनेटवर क्ले बार (चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवता येतो. गरज आहे का, हे ओळखायची सोपी रीत अशी: हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून स्वच्छ धुतलेल्या बॉनेटवर बोटं फिरवा. उघड्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून कळते. भोसरी, चाकण, तळेगाव अशा कारखान्यांच्या भागात किंवा रेल्वेलगत गाडी उभी राहात असेल तर त्यात लोखंडाचे बारीक कण असतात. त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो, लोखंड सापडलं की तो जांभळा होतो. वास उग्र असतो, मोकळ्या जागी वापरा.

इथपर्यंतचं सगळं घरी करण्यासारखं आहे आणि यातल्या कशानेही क्लिअर कोट फारसा कमी होत नाही. त्यानंतर जे ठसे उरतील ते पॉलिशचं काम, आणि तिथे जपून.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन असतात. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मा किंवा थोडा जास्त. हलक्या पॉलिशला एखाद-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंड (जाड दाण्याचं पॉलिश) लावून जोरात बफिंग केलं तर चार-पाचही जाऊ शकतात. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यं क्लिअर कोटमध्येच असतात. तो गेला की परत येत नाही, पुन्हा रंगच द्यावा लागतो. जुन्या गाड्यांच्या टपावर रंग पांढुरका होऊन सालपटं निघतात, तिथे हेच झालेलं असतं. म्हणून रस्त्यावरच्या गॅरेजात दर सहा महिन्यांनी रबिंग-पॉलिश करून घेणं मी कोणालाही सुचवत नाही, गाडी त्या दिवशी कितीही चमकली तरी.

डिटेलरकडे गेलात तर त्याला रंगाची जाडी मोजायचं मीटर लावायला सांगा. बॉनेट, टप, चारही दारं, प्रत्येकाचं माप बघा. एखादा पॅनल 200 च्या वर दाखवत असेल तर त्यावर पुन्हा रंग झालेला असण्याची शक्यता मोठी. प्लास्टिकच्या बंपरवर नेहमीचं मीटर चालत नाही, तिथे अनुभवानेच जावं लागतं. चांगला माणूस आधी एका छोट्या जागेवर सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिश लावून बघतो, त्याने भागत नसेल तरच पुढे जातो. जो थेट जाड कंपाउंड आणि रोटरी मशिन (पॅड एकाच जागी गरगर फिरवणारं) घेऊन सुरू होतो, त्याला थांबवा. ड्युअल अ‍ॅक्शन मशिनला (पॅड फिरवता फिरवता हलवणाऱ्या) वेळ जास्त लागतो, पण ते रंग फारसा तापवत नाही आणि गडद रंगावर बारीक ओरखड्यांची गोल जाळी सहसा उठवत नाही. आणि नखाला लागणारे खळगे असतील तर ते शंभर टक्के काढायचा हट्ट धरू नका. सत्तर-ऐंशी टक्के कमी झाले आणि क्लिअर कोट शाबूत राहिला, तर तो चांगला व्यवहार आहे.

आता संरक्षणाकडे. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं. गडद रंगावर त्याच्यासारखी खोल झळाळी क्वचित दुसऱ्या कशाने येते. पण ते सुमारे 82 ते 86 अंशांना वितळतं आणि आपल्या उन्हात गडद बॉनेट त्याच्या बरंच जवळ जातं. उघड्यावरच्या गाडीवर महिना-दोन महिने धरा. रविवारी दोन तास गाडीवर रमायला आवडत असेल तर वॅक्स उत्तम. पॉलिमर सीलंट कृत्रिम असतं, झळाळी थोडी काचेसारखी, टिकतं चार ते सहा महिने. सिरॅमिक स्प्रे साधारण तीन-चार महिने.

शोरूममधलं ‘टेफ्लॉन कोटिंग’ हे बऱ्याच ठिकाणी पॉलिमर पॉलिशच असतं. टेफ्लॉन तव्यावर पक्कं बसवायला 350 अंशांच्या वर तापवावं लागतं. गाडीच्या रंगाला ते तापमान देता येत नाही. त्यामुळे नावासाठी जास्त पैसे मोजू नका. त्या पैशात चांगलं सीलंट दोनदा होईल.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे मुख्यतः सिलिकॉन डायऑक्साइडवर आधारलेला, एक-दोन मायक्रॉनचा थर. चांगलं उत्पादन आणि नीट तयारी असेल तर ते खरोखर टिकतं, चिखल आणि धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, रसायनांना रंग जास्त दाद देत नाही. पण त्याच्याविषयी दोन गोष्टी विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही. पहिली, जाहिरातीतला ‘9एच’ हा कडकपणा पेन्सिलने ओरखडून पाहायच्या चाचणीतला आहे. त्याचा अर्थ दगड लागला तर ओरखडा पडणार नाही, असा होत नाही. दुसरी तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची: सिरॅमिक पाण्याचे डाग थांबवत नाही. त्यावर पाणी उभ्या गोल थेंबांत जमतं. गाडी धावत असेल तर ते थेंब ओघळून जातात. गाडी उभी असेल आणि पाणी क्षाराचं असेल, तर प्रत्येक थेंब जागच्या जागी वाळतो आणि त्याचे सगळे क्षार एका लहान वर्तुळात साठतात. कोटिंग केलेल्या गाड्यांवर ठसठशीत डाग घेऊन निराश झालेली माणसं आमच्याकडे येतात. कोटिंग खराब नसतं, जागा चुकीची असते.

पीपीएफ ही फिल्म आहे, 150 ते 200 मायक्रॉनच्या आसपास. दगडाचा मार झेलणारी ही एकच गोष्ट. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने भरूनही येतात. आठवड्यातून तीनदा एक्सप्रेस वेवर जात असाल तर बॉनेटचा पुढचा भाग, पुढचा बंपर आणि आरसे, एवढ्याला लावून घेणं पटण्यासारखं आहे. पूर्ण गाडीला सहसा लाखाच्या घरात खर्च येतो. तीन वर्षं जुन्या, शहरात फिरणाऱ्या सेडानला तो मी सुचवणार नाही. पाण्याचे डाग फिल्मवरही पडतात.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला: सर्वांत आधी सोसायटीत बोलून स्प्रिंकलरचं तोंड फिरवून घ्या किंवा दुसरी जागा मागा. हे होईपर्यंत 28,000 खर्च करू नका. डाग काढा, गरजेपुरतं हलकं पॉलिश करून घ्या आणि पॉलिमर सीलंट लावा. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. त्यावर डाग पडले तरी सीलंट काढून पुन्हा लावायला फार खर्च नाही. स्प्रिंकलरपासून सुटका झाली, स्लॅब न गळणारी झाकलेली जागा मिळाली आणि धुणं तुमच्या हातात राहिलं, तर पुढच्या वर्षी सिरॅमिक करा, तेव्हा ते पैशाचं चीज होईल. कोकणात किंवा मुंबईच्या किनारी गाडी ठेवणाऱ्याला मी सिरॅमिक लवकर सुचवेन, कारण खारी हवा आणि चिकट धूळ त्यावरून सहज धुतली जाते. मॅट रंगाच्या गाडीला यातलं पॉलिश आणि वॅक्स दोन्ही चालत नाही. आणि नुकताच रंग दिलेला पॅनल असेल तर किमान महिनाभर, रंग करणाऱ्याला विचारून, त्यावर कोणताही थर चढवू नका.

धुण्याच्या पाण्याबद्दल थोडं. आरओचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरावं, असं सगळीकडे सांगतात. फरशीला वापरा, गाडीला नको. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. याउलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी जवळपास डिस्टिल्ड असतं. उन्हाळ्यात घरच्या एसीचं बादलीभर पाणी सहज जमतं, शेवटचा हात त्याने मारा. महापालिकेचं धरणाचं पाणी बोअरपेक्षा बरंच बरं. आणि कोणतंही पाणी असो, वाळायच्या आत मोठ्या मायक्रोफायबरने टिपून घ्या.

रोज सकाळी फडकं मारणाऱ्या दादांनाही सांगा: धूळ बसलेल्या गाडीवर ओलं फडकं फिरवू नका. एका बादलीत दहा गाड्या पुसल्या जातात आणि पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर घासली जाते. त्यांना आठवड्यातून दोनदाच, दोन बादल्यांनी (एक शाम्पूची, एक कापड खंगाळायची), तुमच्या स्वतःच्या कापडाने धुवायला सांगा आणि पैसे तेवढेच द्या. ते कामाला वाईट नाहीत, त्यांना पाणी आणि वेळ दोन्ही कमी मिळतं. धुळीच्या गाडीवर कव्हर घालणंही टाळा, वाऱ्याने ते हलत राहतं आणि तेवढेच ओरखडे पडतात.

पुढे कधी सिरॅमिक केलंत तर पैसे देण्याआधी विचारून घ्या: आधी किती पायऱ्यांचं पॉलिश करणार, पॉलिशनंतर रंगावर उरलेलं पॉलिशचं तेल पुसून काढणार का, जाडीची मापं लिहून देणार का, आणि पाच वर्षांच्या वॉरंटीत दरवर्षी पैसे भरून करायचं मेंटेनन्स सक्तीचं आहे का. कोटिंग झाल्यावर पहिला दिवसभर गाडी पूर्ण कोरडी ठेवायची आणि आठवडाभर शाम्पू लावायचा नाही.

या रविवारी बॉनेटच्या एका कोपऱ्यावर व्हिनेगर लावून बघा. नंतर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून त्या जागेचा फोटो काढा आणि नख अडकतं का ते तपासा. ते कळवलंत की मशिन लावायची गरज आहे की नाही, ते सांगता येईल.